उद्याच्या जगाचा नमुना

अंबरनाथहून बदलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दयाराम पार्क होतं आणि त्या पार्कात एकविसावं शतक होतं. उल्हासनगरच्या शेठ दयाराम यांनी १९८१ साली ते बांधलं, तेव्हा एकविसावं शतक लांब होतं आणि त्याबद्दल काहीही सांगितलं तरी खपत होतं. शेठजींनी सांगितलं ते असं : पुढच्या शतकात माणसं सिमेंटच्या रॉकेटमधून घसरत जमिनीवर येतील, फायबरच्या गोल डब्यांत बसून एका खांबाभोवती फिरतील, आणि डोळ्यांच्या जागी लाल दिवे असलेला पत्र्याचा यंत्रमानव दारात उभा राहून त्यांना नमस्कार करील. भिंतीवर पंख फुटलेल्या मोटारी रंगवल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या टपावर वळकटी बांधलेली होती. दूरच्या ग्रहावर गादी मिळेल याची चित्रकाराला खात्री नसावी.

पुढच्या चौदा वर्षांत हे शतक बऱ्यापैकी झिजलं. यंत्रमानवाचा हात नमस्काराच्या मध्येच अडकला आणि तो येणाऱ्याच्या कानफटात मारायच्या बेतात असल्यासारखा दिसू लागला. मोरिवलीच्या कारखान्यांवरून येणाऱ्या वाऱ्याने मोटारींचा रंग खाल्ला, वळकटी तेवढी राहिली. मागचा नाला रोज नवा रंग घेऊन वाहत असे. सगळ्या पार्कात भविष्यासारखं काही दिसत असेल तर तो नालाच. फिरणाऱ्या डब्यांवर पोरांनी नावं कोरली होती. त्यांत एका डब्यावर ‘मधू’ आणि ‘विठा’ अशी दोन नावं होती, मध्ये बाण. खिळ्याने, सावकाश, चांगली खोल कोरलेली.

बेलवलीला राहणारे श्रीपाद चांदोरकर घरी पाहुणे आले की त्यांना हे शतक दाखवायला नेत. चांदोरकर अंबरनाथच्या एका यंत्रसामग्रीच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात अधिकारी होते आणि आपल्याला सौंदर्यदृष्टी आहे असं त्यांचं मत होतं. पाहुण्यांना ते आधी यंत्रमानवापुढे उभं करीत आणि म्हणत, “घाबरू नका, मारत नाही, नुसती धमकी देतो.” मग मोटारींपाशी नेऊन म्हणत, “आणि ही वळकटी. मंगळावर मुक्काम दिसतो.” शेवटी डबे. “आणि हे आपले अंतराळवीर, मधू आणि विठा.” पाहुणे हसत. चांदोरकरांची पत्नी मालिनी हे इतक्या वेळा ऐकून चुकली होती की ती बाहेरच्या बाकावर बसून शेंगा खात असे.

दयाराम शेठ वारले. पार्क त्यांचा मुलगा टेकचंद याच्याकडे आलं. १९९५ च्या दिवाळीनंतर टेकचंदच्या ध्यानात आलं, की एकविसावं शतक आता खरोखरच येऊ घातलंय आणि ते आल्यावर लोक दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघतील. हा एवढा एक विचार सोडला तर टेकचंदने पार्कबद्दल दुसरा विचार केल्याचं कुणाला माहीत नाही. त्याने उपायही लगेच काढला. पाटी बदलून ‘बाविसावं शतक’ करायची. शंभर वर्षांची निश्चिंती. पण नुसती पाटी बदलून भागणार नाही, आतही काही नवं लागेल, असं त्याच्या बायकोने सुचवलं, तेव्हा त्याला तो बेलवलीचा हसणारा साहेब आठवला. तिकीट काढून हसायला येणारा दुसरा माणूस पार्कात नव्हता.

“साई, तुम्ही लई हसता,” टेकचंद त्यांना ऑफिसात बसवून म्हणाला. “मला पार्कवाले सांगतात. माझ्या बापाने बनवलं, त्याला हसता.”

चांदोरकर जरा चपापले. “हसत नाही हो. सुधारणेला वाव आहे, एवढंच.”

“तेच तर. बनवा ना मग. नवीन बनवा. बाविसावा शतक. चेटीचंडला, आमच्या नव्या वर्षाला, उद्घाटन करू. तुमची फी काय असेल ती बोला.”

चांदोरकर फी घ्यायला तयार नव्हते. टेकचंद सावध झाला. फुकट काम करणारा माणूस त्याला धंद्यात कधी भेटला नव्हता.

“मग काय पाहिजे?”

“नाव,” चांदोरकर म्हणाले. “दाराच्या खांबावर कोनशिला बसवायची. त्यावर माझं नाव. संकल्पना आणि आराखडा, श्रीपाद चांदोरकर. बाकी काही नको.”

“बस? पत्थरावर नाव?” टेकचंदने हसू दाबलं. “दिलं. एक काय, दोन लावा.”

टेकचंदला कळलं नाही, पण चांदोरकरांना दुसरं काही नकोच होतं. कारखान्यात बावीस वर्षं त्यांनी टाक्या, टाक्यांचे पाय आणि पायांखालचे पत्रे कागदावर काढले होते. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असे. तिच्यात मंजुरी देणाऱ्याचं पूर्ण नाव येई आणि काढणाऱ्याची फक्त दोन आद्याक्षरं. टाकी तयार झाली की कागद कपाटात जाई. टाकीवर नाव कंपनीचं. मालिनीला हे दुःख माहीत होतं, पण ती त्यात सामील नव्हती.

“नाव दारावर आहे की आपल्या,” ती म्हणाली. “रेशनकार्डावर आहे. आणखी किती ठिकाणी हवंय?”

“तुला नाही कळायचं. माणूस मागे काय ठेवून जातो?”

“तुम्ही? ओला टॉवेल. पलंगावर.”

चांदोरकरांनी दोन महिने रविवारी बसून आराखडा केला. रॉकेट नाही, यंत्रमानव नाही. पांढऱ्या कमानी, त्यांच्यातून झिरपणारा निळसर प्रकाश, दाराशी एक उंच ‘स्वागत-स्तंभ’, आणि डब्यांच्या जागी थेंबाच्या आकाराची पारदर्शक याने. आराखडा नीटस होता. एका परदेशी मासिकात छापलेल्या विमानतळाच्या फोटोशी त्याचं फार साम्य होतं. चांदोरकरांनी तो फोटो बरीच वर्षं जपून ठेवला होता. दुसऱ्याच्या भविष्याला हसणाऱ्या माणसाचं स्वतःचं भविष्य दुसऱ्या कुणाच्या तरी वर्तमानातून आलं होतं. पण हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

दाराची कमान सोडून बाकी सगळं फायबरमध्ये करायचं ठरलं आणि काम उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात शिवराम पगारेच्या कारखान्यात गेलं. शिवराम बुवापाड्यात राहणारा, अंगाने दणकट, बोलायला त्याहून दणकट. दुकानातले पुतळे, आइस्क्रीमवाल्यांचे पेंग्विन, पाण्याच्या टाक्या, मखरं, जे म्हणाल ते तो करी. त्याच्या कारखान्यात एका रांगेत सहा पेंग्विन उभे होते आणि सहाही जणांच्या डाव्या डोळ्याला सारखाच टवका होता.

चांदोरकरांनी कागद पसरले. शिवरामने ते एकदा सरळ बघितले, एकदा उलटे बघितले, आणि गुंडाळून परत दिले.

“हे ठेवा तुमच्याकडं. सँपल द्या.”

“सँपल?”

“पीस. एक पीस द्या, शंभर काढून देतो. फरक दाखवा, मिशी उतरवतो.”

“अरे, ही वस्तू अजून जगात अस्तित्वातच नाही. तिचं सँपल कुठून आणणार?”

“मग मोल्ड कशावर घेऊ साहेब, हवेवर?”

“ड्रॉइंग बघून कर.”

“ड्रॉइंग बघून पॅटर्न बनतो. लाकडाचा, नाहीतर प्लास्टरचा. तुम्ही इथं बसून पॅटर्न काढून घ्या, सुतार देतो. महिनाभर रोज यायला लागंल. हात लावायला लागंल.”

चांदोरकरांनी आजूबाजूला पाहिलं. राळेच्या वासाने त्यांचं कपाळ ठणकायला लागलं होतं. काचेच्या धाग्यांचा भुसा शर्टावर बसत होता. ते अधिकारी होते. पॅटर्न करणं सुताराचं काम होतं.

“ड्रॉइंगमध्ये सगळं आहे,” ते म्हणाले. “तू नीट वाच. खाली मराठीत सूचनाही दिल्या आहेत.”

सूचना होत्या, हे खरं. प्रत्येक कागदाच्या तळाशी एकच सूचना होती आणि ती अशी : ‘मापे मूळ नमुन्याप्रमाणे.’ ही चांदोरकरांची कारखान्यातली सवय. टाकीचा जुना पाय बदलायचा असला की ड्रॉइंग ऑफिसातला कुणी माप घ्यायला शॉपमध्ये उतरत नसे. तळाशी ही ओळ लिहिली की झालं. फिटर जुना पाय काढून आणत, शेजारी ठेवत आणि त्याच्यासारखा दुसरा करत. कागदाकडे कुणी बघतही नसे, आणि टाक्या उभ्या राहत. पार्कातही जुन्या चौथऱ्यांची मापं घ्यायला उन्हात वाकावं लागलं असतं. चांदोरकरांनी तिथेही तीच ओळ लिहिली.

शिवरामला इंग्रजी आकडे आणि तुटक रेषा यांत रस नव्हता. मराठी ओळ मात्र त्याने वाचली आणि त्याला हायसं वाटलं. म्हणजे सँपल होतं तर. दुसऱ्याच दिवशी त्याने टेम्पो पाठवला आणि पार्कातून एक डबा आणि यंत्रमानव उचलून नेला. टेकचंदने विचारलं तेव्हा त्याने ओळ दाखवली. टेकचंदने मान हलवली. साहेबांनी लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असेल. रंगाऱ्यालाही टेकचंदने तीच ओळ दाखवली.

या काळात चांदोरकर स्वस्थ बसले नव्हते. त्यांचं सगळं लक्ष कोनशिलेवर होतं. अंबरनाथला शंकराच्या देवळाकडे जाताना वाटेत एक पाथरवट बसे. त्याच्याकडे त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. काळा ग्रॅनाइट की करडा. अक्षरं उभी की किंचित तिरकी. ‘श्री.’ लावायचं की नाही. दयाराम शेठचं नाव वर येणं भाग होतं, उद्घाटक पाहुण्यांचं त्याच्याखाली. पण चांदोरकरांचं नाव त्यांच्यापेक्षा लहान असलं तरी रुंदीत भरायला हवं होतं. पाथरवट वैतागला. “साहेब, देवाच्या पिंडीला एवढं कुणी बसलं नव्हतं माझ्यापुढं.”

शिवाय एक धास्ती होती. नवे पाहुणे आले की जुन्या कोनशिला निघतात, हे त्यांनी नगरपालिकेत बघितलं होतं. टेकचंदचा भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी शिला बसवण्याचा वेगळा कागद काढला : चारी कोपऱ्यांतून पोलादी बोल्ट, ते मागे खांबाच्या सळ्यांना जोडलेले, आणि सगळं एकसंध काँक्रीटमध्ये ओतलेलं. खांब दाराच्या कमानीचा. शिला काढायची तर कमान उतरवावी लागेल. या कागदावर मूळ नमुना नव्हता, त्यामुळे मापं सगळी लिहिलेली होती. गवंड्यामागे ते स्वतः छत्री घेऊन उभे राहिले, दाराच्या आत मात्र एकदाही गेले नाहीत. साऱ्या बाविसाव्या शतकात कागदाबरहुकूम झालेली ही एकच गोष्ट.

शिवरामचा माल उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी आला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. चांदोरकरांनी तो उघडायला सांगितलं नाही. ते शिलेवरच्या मखमली पडद्याची दोरी तपासत होते.

चेटीचंडच्या सकाळी दाराशी झेंडूची तोरणं होती आणि बँडवाले होते. चांदोरकरांनी कोट घातला होता. त्यांच्या सोसायटीतली सगळी बिऱ्हाडं आली होती, कारण त्यांना आमंत्रणं घरोघर पोचवली होती. मालिनीने चांगलं पातळ नेसलं होतं. उद्घाटक पाहुण्यांनी दोरी ओढली. पडदा बाजूला गेला आणि काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं चमकली. टाळ्या झाल्या. मालिनीनेही वाजवल्या, आणि त्या क्षणी तिला नवऱ्याबद्दल खरोखर बरं वाटलं. ते फार टिकलं नाही.

शिवरामच्या माणसांनी दाराशी उभ्या स्वागत-स्तंभावरचं प्लास्टिक ओढून काढलं.

आत यंत्रमानव होता. नवा, चंदेरी, चकचकीत फायबरचा. त्याचा हात नमस्काराच्या मध्येच थांबलेला होता, कानफटात मारायच्या बेतात. छातीवर जुन्या पत्र्याला पडलेला पोचा होता, तोही नवा, चकचकीत. पोच्याखाली जुन्या डागडुजीचं ठिगळ होतं. ठिगळाचे चारी रिव्हेट फायबरमध्ये उतरले होते.

पाहुणे मान वर करून बघत राहिले. मग आत गेले. भिंतीवर पंखांच्या मोटारी ताज्या रंगात उडत होत्या. वळकटीला आता निळी सतरंजी होती. मध्यभागी बारा नवे डबे खांबाभोवती टांगलेले होते, गोल, पिवळेधमक, आणि बाराही डब्यांवर एकाच जागी, एकाच वळणाची, चांगली खोल दोन नावं होती. मध्ये बाण.

मालिनी जवळ जाऊन वाचून आली.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “हे मधू आणि विठा कोण? तुमच्या हाताखालचे का?”

चांदोरकर शिवरामकडे धावले. शिवराम डब्याला हात टेकून आपल्या कामाकडे बघत होता.

“हे काय केलंस तू? हे काय आहे?”

“माल,” शिवराम म्हणाला. “बघा हात फिरवून. फरक दाखवा.”

“अरे गाढवा, फरकच तर दाखवायचा होता! माझं ड्रॉइंग कुठंय?”

“तोंड सांभाळून बोला साहेब. ड्रॉइंगवर काय लिहिलंय? मूळ नमुन्याप्रमाणे. कुणी लिहिलंय? मी?”

“मापं! मापं मूळ नमुन्याप्रमाणे!”

“मग मापं चुकली का?”

“ही नावं! निदान ही पोरांची नावं तरी पुट्टी भरून बुजवायचीस!”

“नमुन्यात आहे ते मालात येणार. मला काय माहीत ती कुणाची? मला वाटलं कंपनीची.”

टेकचंद मध्ये आला. त्याचा चेहरा फुलला होता. त्याला आराखडा कधीच वाचता आला नव्हता, त्यामुळे आराखड्यात हेच असणार असं तो धरून चालला होता.

“कमाल केली साई! एकदम नवीन. पण ओळखीचा पण वाटतो. पप्पांची आठवण आली बघा.” आणि त्याने डोळे पुसले. मग तो पाहुण्यांना घेऊन आला. “हे आमचे चांदोरकर साहेब. एक पैसा नाही घेतला.”

पाहुण्यांनी यंत्रमानवाकडे पाहिलं, मग चांदोरकरांकडे. “असं? ही सगळी संकल्पना तुमची?”

नाही म्हणायला तेवढीच वेळ होती. सोसायटीची सगळी बिऱ्हाडं कान देऊन उभी होती. नाही म्हटलं तर बाहेर दगडावर काय लिहिलंय त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. हो म्हटलं तर निदान दगड तरी खरा ठरत होता.

“हो,” चांदोरकर म्हणाले.

बँड वाजला. पोरं डब्यांवर तुटून पडली. त्यांना नवं-जुनं काही नव्हतं. डबे फिरत होते, एवढं पुरे होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पार्क भरून वाहिलं. टेकचंदने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, तिच्यात यंत्रमानवाचा फोटो होता. बेलवलीत कुणाकडे पाहुणे आले की ते त्यांना बाविसावं शतक दाखवायला नेऊ लागले. आधी खांबापुढे उभं करून नाव वाचून दाखवीत. “आमच्याच सोसायटीत राहतात. दुसरा मजला.” मग यंत्रमानव. “घाबरू नका, मारत नाही, नुसती धमकी देतो.” मग वळकटी, मग अंतराळवीर. विनोद चांदोरकरांचेच होते आणि त्यांनीच लावलेल्या क्रमाने येत होते. संध्याकाळी जिन्यात भेटले की हेच लोक म्हणत, “काय चांदोरकर, मधू-विठा काय म्हणतायत?” पार्काला बाविसावं शतक कुणी म्हणत नव्हतंच. लोक म्हणत, मधू-विठाकडे जाऊन येऊ. कुणा मधूने खिळ्याने अर्ध्या तासात कोरलेलं नाव बारा जागी लागलं होतं आणि लोकांच्या तोंडी होतं. ग्रॅनाइटातलं नाव फक्त हसण्यासाठी वाचलं जात होतं.

मे संपायच्या आत चांदोरकर टेकचंदकडे गेले.

“ती शिला काढा.”

“का साई? खराब झाली?”

“नाही. मला नाव नको आहे.”

टेकचंदला हा माणूस पहिल्या दिवशी कळला नव्हता, आता तर मुळीच कळेना. “अहो, पैसा नको होता, नाव पाहिजे होतं. आता नाव पण नको? मग केलं कशाला?”

“तुम्ही काढा. खर्च मी देतो.”

“खर्चाचं नाही. मी गवंड्याला विचारलं होतं, पप्पांचं नाव जरा मोठं करायचं होतं मला. तो बोलला, हात लावला तर कमान येते खाली. साहेबांनीच तसं करून घेतलंय.” टेकचंदने आदराने मान हलवली. “काय पक्कं काम केलं, साई. शंभर वर्षं नाही हलत. समोर एक कुंडी ठेवू का? तुळशीची?”

“नको,” चांदोरकर म्हणाले.

घरी मालिनी म्हणाली, “जाऊ दे हो. लोक विसरतील.”

“दगड विसरत नाही.”

“मग ओरडत होतात ना, मागे काय ठेवून जायचं म्हणून? हे ठेवा.”

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि पार्क रिकामं पडलं. अशा एका दुपारी चांदोरकर कारखान्यातून अर्धी रजा टाकून आले. त्यांनी तिकीट काढलं. पिशवीत कारखान्यातली छिन्नी आणि हातोडी होती. आख्खी शिला नको, फक्त शेवटची ओळ. तेवढी खरवडली तरी चालणार होतं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी ‘चांदोरकर’मधल्या ‘चां’वर छिन्नी टेकली आणि ठोकली. ग्रॅनाइट त्यांनी स्वतः निवडला होता. छिन्नी घसरली, मनगटात कळ गेली, दगडावर पांढरी रेघ उमटली. त्यांनी बोट ओलं करून पुसली तर तीही गेली. त्यांनी पुन्हा ठोकली.

“ओ! काय चाललंय तिथं?”

रखवालदार धोंडिबा यंत्रमानवामागून काठी घेऊन आला. तो याच महिन्यात लागला होता आणि उद्घाटनाच्या वेळी इथे नव्हता. त्याने छिन्नी पाहिली, हातोडी पाहिली, आणि काठीने खांबावरची पाटी दाखवली. ‘नावे लिहिणाऱ्यास दंड होईल.’

“वाचता येतंय का?”

“मी नाव लिहीत नव्हतो,” चांदोरकर म्हणाले.

“मग काय दगडाला आंघोळ घालत होतास? बसतो म्हातारपणात नावं कोरीत. शरम नाय वाटत?” धोंडिबाने खिशातून पावतीपुस्तक काढलं आणि पेन्सिल जिभेला लावली. “नाव बोल.”

चांदोरकरांनी शिलेकडे पाहिलं. त्यांचं नाव होतं तिथेच होतं, रुंदीत पुरेपूर भरलेलं, शाबूत. धोंडिबा त्या नावाखालीच उभा होता. खरं नाव सांगितलं तर तो मान वर करून वाचणार होता.

“मधू,” ते म्हणाले.

पेन्सिल थांबली. धोंडिबाने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं : टक्कल, चष्मा, खिशाला लावलेली दोन पेनं. मग त्याने मान मागे वळवून आतल्या डब्यांकडे पाहिलं आणि पुन्हा चांदोरकरांकडे.

“तूच काय रं तो?” तो म्हणाला. “बारा डब्यांवर कोरून पोट भरलं नाय, आता त्या बिचाऱ्या सायबाच्या नावावर उठलास? विठा काय बोलंल?”